सतरा नंबरचा चेहरा

सतरा नंबरचा चेहरा पुसला गेला नव्हता. हेमांगीच्या ते लक्षात आलं तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या गल्लीत भाजीवाला दारासमोरच हातगाडी लावून गिलकी, गिलकी असं ओरडत होता आणि तिला उठून गिलकी घ्यायची होती. एक हात खुर्चीच्या दांड्यावर आणि दुसरा माऊसवर, अशी अर्धवट उठलेली ती तशीच थांबली. पडद्यावर प्लॅस्टरच्या पुतळ्यासारखं राखाडी डोकं होतं, डोळे मिटलेलं. 'पडताळा' या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या प्रत्येक एमआरआयचा चेहरा आधी कापून टाकला जातो. तो नियम तिनेच लिहिला होता. मेंदूच्या फोटोत नाक, ओठ, कान सगळं येतं आणि कुणी ठरवलं तर त्यातून माणूस ओळखता येतो. या माणसाची मान मशीनमध्ये जरा वाकडी राहिली होती, त्यामुळे कापणारी रेघ कपाळावरूनच निघून गेली होती. आता मान वाकडी असली तरी रेघ बरोबर बसेल अशी दुरुस्ती करावी लागेल, असा विचार करत तिने डोकं डावीकडे फिरवलं. नाक मधोमध डावीकडे मोडलेलं होतं. उजव्या कानाची पाळी खाली जरा चिरलेली होती. ती आठवीत असताना पहूरच्या बसस्टँडमागच्या विजेच्या खांबावरून तिचे वडील, नाना, पडले होते, आणि महिनाभर नाकावर पट्टी बांधून तोंडाने श्वास घेत तिच्या गणिताच्या वहीत डोकावत बसायचे, तो घरघरणारा श्वास आता तिला मानेमागे ऐकू आला. चेहऱ्याच्या बाजूला चौकटीत निकाल होता : वयाच्या मानाने शंभरात खालून चौथा क्रमांक. लक्ष द्यावे.

भाजीवाला पुढे गेला. तिने पडदा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तिला हे माहीत असायला नको होतं. बासष्ट म्हाताऱ्या माणसांचे नुसते नंबर तिच्याकडे येत होते. कुठला नंबर कुणाचा, याची यादी धुळ्यात डॉ. ईश्वर पावरांच्या कपाटात कुलपात होती. चार वर्षांपूर्वी याच पावरांनी तिला फोन केला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून शिकून मेंदूचा डॉक्टर झालेला हा माणूस फार हळू बोलायचा, आणि त्या हळू आवाजात तो म्हणाला होता, "हेमांगीताई, माझ्याकडे लोक येतात तेव्हा खूप उशीर झालेला असतो. मुलाला ओळखत नाहीत, मग आणतात. त्याआधी चार-पाच वर्षं आत काहीतरी आकसत असतं. ते मोजणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती आत काय करतात ते कुणाला बघू देत नाहीत. आपण उघडं काहीतरी करू या का? कुणालाही वाचता येईल, दुरुस्त करता येईल असं?" पुण्याची नोकरी ती जळगावच्या घरातून करत होती, दुपारनंतरचा वेळ तिचा होता. मग एकेक माणूस जोडला गेला, कुणी कोचीचा, कुणी लिस्बनचा, कुणाचा आवाजही तिने कधी ऐकला नाही. मेंदूत कानाच्या वर आत दोन्हीकडे एकेक भाग असतो, बोटाच्या पेराएवढा. नवी आठवण आधी तिथे उतरते, आणि रस्तेही तिथेच राहतात, घरापासून शाळेपर्यंतचे, गावापासून शेतापर्यंतचे. 'पडताळा' तो भाग मोजतो आणि सांगतो, या माणसाकडे जरा नीट बघा. एवढंच सांगतो.

रस्ते. नाना वीज मंडळात वायरमन होते. मूळचे शिंदखेड्याकडचे, म्हणून घरात अहिराणी. पण नोकरीची तीस वर्षं पहूर आणि जामनेरच्या मधल्या शिवारात गेली. कुणाच्या वावरात कुठली ट्रान्सफॉर्मरची डीपी, तिथून किती खांब, कुठल्या खांबाच्या बुडाशी वारूळ आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. निवृत्त झाल्यावरही साहेब लोक फोन करून विचारायचे. लहानपणी ती त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून जायची तेव्हा ते डोळे मिटून सांगायचे, आता डाव्या हाताला निंबाची विहीर, आणि ती डोळे उघडून बघायची तर विहीर असायची. तिला तेव्हा वाटायचं की विहीर नाना म्हणतात म्हणून येते. तो माणूस शंभरात चौथा. शहाण्णव जणांच्या मागे.

तिने फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"काय वं हेमा, जेवनी का?" नानांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"अजून नाही. तुम्ही काय करताय?"

"काय नही. तुनी माय आन् मी बजारमा जाई राह्यनूत." आणि मग, "तुना आवाज असा काबरं येस?"

"सर्दी झालीय."

तिने फोन ठेवला आणि खोटं बोलल्याचं वाईट वाटण्याआधीच, बजारमा या शब्दापाशी नाना किंचित अडखळले का, हे ऐकण्यासाठीच आपण फोन केला होता हे तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून ती तशीच ऐकू लागली. गेल्या दिवाळीत त्यांनी प्रेमराजला, तिच्या नवऱ्याला, त्याच्या कॉलेजचं नाव दोनदा विचारलं होतं. की दुसऱ्यांदा तिनेच नीट ऐकलं नव्हतं? वर्षभरात ते पिंप्राळ्याला एकटे आले नव्हते, दर वेळी आई मागे. स्कूटरवर आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलेली दिसायची तेव्हा हेमांगीला बरं वाटायचं, या वयात बरं जमलंय यांचं, असं ती प्रेमराजला म्हणालीही होती. आणि ही बासष्ट माणसंही नानांनीच गोळा केलेली होती. पहूरच्या शाळेत पावरांनी शिबिर घेतलं, पुढे धुळ्याला तपासणीच्या मशीनमध्ये जायला लोक घाबरत होते, तर नाना घरोघर गेले, रांगेत लोकांच्या शेजारी उभे राहिले, धीर देत राहिले. प्रश्न सगळ्यांना तेच : आज वार कुठला, हे गाव कुठलं, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात सात वजा करा. सगळ्यांत शेवटी त्यांनी स्वतः उत्तरं दिली आणि एकही चुकलं नाही. निरोगी माणूस म्हणून त्यांची नोंद झाली. आता तिला कळत होतं की रांगेत उभं राहून त्यांनी तेच प्रश्न साठ वेळा ऐकले होते.

पण बासष्टपैकी एकोणीस जणांना 'पडताळा'ने लक्ष द्यावे असं म्हटलं होतं, आणि हे एकोणीस तिने धरून ठेवले. एका गावात निरोगी दिसणारी एकोणीस माणसं आजारी असणं शक्य नाही. काहीतरी माप चुकत होतं, आणि माप चुकत असेल तर सतरा नंबरचंही चुकत असेल. ती कामाला लागली. इतकं काम तिने कधी केलं नव्हतं. कुकरच्या शिट्या मोजायची राहून जायची, कपडे दोरीवरच वाळून कडक व्हायचे. आणि माप खरंच चुकत होतं. तुलनेसाठी घेतलेले सगळे मेंदू युरोप-अमेरिकेतले होते, उंचापुऱ्या, लहानपणी दूध-अंडी खाल्लेल्या, पंधरा-पंधरा वर्षं शिकलेल्या माणसांचे. इथली कवटीच मुळात लहान. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेली, बहात्तरचा दुष्काळ सोसलेली ही माणसं. आतला भाग निरोगी असूनही त्या मापाला खुजा दिसत होता. तिने इथल्याच माणसांचं माप तयार केलं, वयाप्रमाणे, बाया-पुरुष असे गट पाडले. आपल्या माणसाला आपल्या माणसांशेजारी उभं करायचं, हे इतकं साधं होतं की तिला हसू आलं. पुन्हा चालवलं तेव्हा एकोणिसाचे तीन झाले. सतरा नंबर शंभरात खालून अकराव्या क्रमांकावर आला होता. लक्ष द्यावे ही ओळ गेली होती.

ते दोन दिवस फार चांगले गेले. तिने गिलकी आणली, भरली गिलकी केली, प्रेमराजने विचारलं आज काय आहे, ती म्हणाली काही नाही. पहूरला फोन करून नानांशी पाऊण तास बोलली आणि काहीही ऐकत बसली नाही, नुसती बोलली. दुरुस्ती तिने सगळ्यांना बघण्यासाठी पाठवून दिली होती. 'पडताळा'त कुणाचीही दुरुस्ती दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय आत घेतली जात नाही. तिसऱ्या दिवशी मोनालीचा शेरा आला. मोनाली धुळ्यात शिकणारी मुलगी, वर्षभरापूर्वी कामात आली होती, भीत भीत प्रश्न विचारायची आणि प्रत्येक वाक्याआधी सॉरी लिहायची. तिने लिहिलं होतं : सॉरी मॅडम, सत्तरीपुढच्या पुरुषांच्या गटात फक्त नऊच जण आहेत, आणि ज्याला तपासायचं त्यालाच त्या नऊ जणांत धरलं गेलंय. त्याच्यामुळे मापच खाली सरकतं आणि तो बरा दिसतो. प्रत्येकाच्या वेळी त्याला बाजूला ठेवून बाकीच्यांशी तुलना करायला हवी ना? मी तसं करून बघितलं. तीनऐवजी चार जण येतात. चौथा, १७.

हेमांगीने ते वाचलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही चूक तिने दुसऱ्या कुणाच्याही कामात पहिल्या मिनिटाला पकडली असती. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ही गोष्ट. मग आपण ती केली कशी? ठरवून केली नाही, हे तिला नक्की माहीत होतं; आणि ठरवून केली असती तरी अशीच केली असती, हेही. त्या नऊ जणांत नानांना बसवताना हात एक क्षण थांबला होता का? ती आठवत राहिली. तो क्षण सापडेना, आणि सापडत नाही याचाच तिला जास्त संशय येऊ लागला. दुपारभर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. मोनालीचं म्हणणं खोडून काढणं सोपं होतं. चार ओळी लिहिल्या असत्या तर ती पोरगी सॉरी म्हणून मागे सरली असती. आणि मग कधीतरी, अशाच एखाद्या गावातल्या एखाद्या सतरा नंबरला मशीनने सांगितलं असतं, तुझं सगळं ठीक आहे, जा घरी.

चार वाजता तिने पावरांना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. चेहरा, नाक, नऊ जणांचा गट. पावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या कोडला आता हात लावू नका. जे झालं ते सगळ्यांना दिसेल असं लिहा. बाकी मोनाली बघेल."

"आणि नाना?"

"त्यांना मी बोलावणार. चौघांनाही बोलावणार. तुम्ही मुलगी म्हणून या."

तिने लिहिलं. मी एका व्यक्तीला ओळखलं, ते माझे वडील आहेत, माझ्या दुरुस्तीत चूक होती, मोनालीने दाखवली ती बरोबर आहे, यापुढचं काम तिने करावं. इतक्याच ओळी, पण त्या लिहायला तिला संध्याकाळ लागली, आणि पाठवून झाल्यावर कितीतरी दिवसांनी खोल श्वास आला. लिस्बनच्या माणसाने उत्तरात वडिलांना नमस्कार सांगा असं लिहिलं. मोनालीचा फोन आला, ती रडत होती, मॅडम मला माहीत नव्हतं हो. "माहीत असतं तर लिहिलं नसतंस का?" हेमांगीने विचारलं. मोनाली विचार करून म्हणाली, "लिहिलं असतं. पण सॉरी जास्त वेळा लिहिलं असतं." दोघी हसल्या.

रविवारी ती पहूरला गेली. नाना ओसरीवर खाटेवर बसले होते, आई शेजारी शेंगा सोलत होती. हेमांगीला बसमध्ये तयार केलेली वाक्यं एकाएकी फार मोठी वाटू लागली. ती म्हणाली, "नाना, धुळ्याच्या डॉक्टरांचा फोन येईल. तुमच्या फोटोत—"

"उना," नाना म्हणाले. "काल उना फोन."

"मग?"

"मंग काय. जासूत." त्यांनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे आईच्या ताटात टाकले. "हेमा, मी तेनाकरताच त्या मशिनमा गयथू."

तिला समजलं नाही. मग ते सांगत गेले, तिच्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत. "एक साल व्हयनं. शेंदुर्णीना फाटावर उभा राह्यनू, आन् डावं का उजवं तेच समजे ना. मना हातखाले तीस वरीस व्हतं ते शिवार! घर उनू नि तुनी मायले सांगं. तवपशी ती मांगे बठस. डावा खांदा दाबा का डावीकडे, उजवा दाबा का उजवीकडे."

आईने मान वर केली नाही. तिचा अंगठा शेंगेवर होता, आणि हेमांगीला तो खांद्यावरचा हात दिसला, वर्षभर दिसलेला, प्रेमराजला कौतुकाने दाखवलेला. एवढी मोठी गोष्ट दोघांनी स्कूटरवरून तिच्या डोळ्यांसमोरून नेली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतू तं तू रडती," नाना म्हणाले. "मशीन रडत नही."

ती रडलीच. आईने पदर पुढे केला आणि म्हणाली, "चूप वं. आते बठ्ठासले माहीत शे ना? मंग झायं तर." सगळ्यांना माहीत झालं म्हणजे झालं, हेमांगीला खरंच तसं वाटलं. भीती होती तेवढीच होती, पण ती आता तिघांत होती.

धुळ्याला पावरांनी दीड तास घेतला. यावेळी प्रश्न नवे होते, आणि नानांची तीन-चार उत्तरं चुकली. चुकली तेव्हा ते अपराध्यासारखे हसले. मग रक्त, कान, पुन्हा बोलणं. शेवटी पावरांनी खुर्ची जवळ ओढली. "नाना, ही अल्झायमरची सुरुवात असू शकते. नक्की आहे असं मी आज म्हणणार नाही. पण तुमच्या रक्तात बी-बारा फार कमी आहे, आणि उजव्या कानाने तुम्हाला निम्मंच ऐकू येतं. जे ऐकूच येत नाही ते लक्षात कसं राहील? या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. रोज चालायचं, माणसांत बसायचं, दर आठ महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. लवकर आलात, म्हणून हे सांगता येतंय." नानांनी विचारलं, स्कूटर? पावरा म्हणाले, स्कूटर आता नको. त्या दिवशी नानांना सर्वांत जास्त दुःख झालं ते याचं. 

बाकीचे तिघे आलेच नाहीत. तोताराम, तानुबाई आणि निंबा, तिघंही पहूरचीच. दवाखान्यातून दोनदा फोन गेले. तोतारामने तर फोनवरच सांगितलं, "मले काहीच नाही झालं. लोकं येडं म्हनतीन." हेमांगीला हे पावरांकडून कळलं तेव्हा तिला हताश वाटलं, चार वर्षं खपून जे मशीन बरोबर बोलायला शिकवलं, त्याचं ऐकायला दारापर्यंत कुणी येणार नव्हतं. त्यांची नावंही तिला माहीत असायला नको होती, म्हणून ती नानांना काही बोलली नाही. पण गावात नावं कुठे लपतात? तोतारामनेच पारावर फोनची गोष्ट हसण्यावारी नेली होती, आणि नाना तिथे बसले होते, कानात नवं यंत्र घालून. आईने नंतर फोनवर सांगितलं ते असं की पंधरा-वीस माणसांसमोर नाना उभे राहिले आणि म्हणाले, "मना बी नंबर शे तेमा. माले रस्ता सापडत नही. म्हनीसन मी औषध लेस, कानमा हाई घालस. माले येडा म्हना जेले म्हननं शे तेनी."  नाना तसेच उभे राहिले. मग सगळ्यांत मागून तानुबाई म्हणाली, "भाऊ, मी येते तुमच्यासंगं. माह्या तर चुलीवरचं रोज करपते." तोताराम आठ दिवसांनी आला, काळोख पडायच्या आत परत येऊ या अटीवर. निंबाला त्याच्या सुनेने पाठवलं.

'पडताळा'ची नवी आवृत्ती मोनालीच्या नावाने निघाली. खानदेशातलं माप त्यात होतं, आणि ते कसं काढलं, कुठे चूक झाली, कुणी दुरुस्त केली, हे सगळं खाली लिहिलेलं होतं. महिन्याभरात ओडिशाच्या एका डॉक्टरबाईंनी कळवलं, आमच्याकडच्या माणसांचं माप आम्ही याच रीतीने काढतोय. हेमांगी ते पत्र दोनदा वाचून उठली आणि बाहेर येऊन उगीचच रस्त्यावर उभी राहिली. समोरच्या काकू म्हणाल्या, काय गं, कुणी येणार आहे का? ती म्हणाली, हो.

आठ महिन्यांनी ती पुन्हा धुळ्याला पावरांच्या दवाखान्याच्या बोळात बसली होती. जीप पहूरहून सकाळी निघाली होती. बाकावर तोताराम, तानुबाई, निंबा, आई आणि नाना ओळीने बसले होते आणि आधी आत कुणी जायचं यावरून त्यांची वादावादी चालली होती. तानुबाईला गोळ्या लागू पडल्या होत्या, तिला थायरॉईडचा त्रास निघाला. निंबाचं काही बरं नव्हतं. तो सुनेला आई म्हणायचा, पण सून आता चिडत नव्हती, हो म्हणायची. नानांचा नवा फोटो गेल्या आठवड्यात झाला होता. या वेळी चेहरा नीट पुसला गेला असेल, नंबरही नवा असेल, तिने बघितला नव्हता. पावरा सकाळी फोनवर एवढंच म्हणाले होते, फार घसरण नाही, या, बोलू. फार घसरण नाही. वाटेत जीपमध्ये ती हे तीन शब्द उलटेसुलटे करून बघत होती, आणि नानांनी मात्र एकदाच चुकून आईला विचारलं होतं की आपण जळगावला चाललोय का, आईने धुळं म्हणून सांगितलं होतं, आणि त्यावर ते हां म्हणून खिडकीबाहेरची केळीची बाग बघत बसले होते.

सिस्टरने नाव पुकारलं. सुकदेव. नाना उठले, सदरा खाली ओढला, कानातलं यंत्र बोटाने दाबून बघितलं. सवयीने हेमांगीही उठली, पर्स खांद्याला लावली, कागदांची फाईल उचलली. त्यांनी हात पुढे करून फाईल तिच्याकडून घेतली.

"तू बाहेरच बठ," ते म्हणाले. "माले जे येस ते मी सांगसू. नि जे येत नही ते बी मीच सांगसू."

ते दारापर्यंत गेले. दोन दारं होती. नाना क्षणभर थांबले, दोन्हीकडे बघितलं, आणि मग शेजारून जाणाऱ्या सिस्टरला मोठ्या आवाजात, जराही न लाजता विचारलं, "ताई, डॉक्टरनं दार कोनतं?" तिने दाखवलं. ते आत गेले. हेमांगी आईशेजारी बाकावर बसली.